कप्पा चौसष्ट : हळू

२ फेब्रुवारी, पहाटे ५.४०

स्नान, जप, एक अध्याय. त्यानंतर या वहीचा आरंभ. वही केवळ माझ्यासाठी आहे. तरीही शुद्धलेखन निर्दोष राहील.

छत्तीस वर्षे व्याकरण शिकवले. नियम घातले आणि ते मोडणाऱ्यांना वर्गाबाहेर उभे केले. आता एकाहत्तराव्या वर्षी संकल्प करतो की मी स्वतः नियम मोडीन. व्याकरणाचे नव्हेत, ऑर्केस्ट्राचे. आमच्या शहराचा ऑर्केस्ट्रा मार्चअखेरच्या कार्यक्रमात माझी आठ मिनिटांची रचना वाजवणार आहे. चाळीस वादक. रचनेचे नाव ‘अनाहत’, म्हणजे आघाताविना उमटणारा नाद. ही म्हणाली, मग त्यासाठी एवढी माणसं कशाला बोलावलीत. (ही म्हणजे माझी पत्नी.)

हा योग लेकीमुळे आला असेही तिचे मत आहे. लेक साउंड इंजिनिअर. आजवर जाहिराती आणि भाषणे रेकॉर्ड करत आली. हा कार्यक्रम तिचे पहिले मोठे काम. ते साधले तर ऑर्केस्ट्राचे सगळे रेकॉर्डिंग कायमचे तिच्याकडे येईल. तिने तिथे शब्द टाकला म्हणे, की बाबांचं एक छोटंसं घ्या. ‘छोटंसं’ हे विशेषण मला आवडलेले नाही. नोंद करून ठेवतो.

४ फेब्रुवारी

वाचनालयातून वाद्यमेळाच्या नियमांचे जाड पुस्तक आणले. मोडण्यापूर्वी वस्तू पाहून घ्यावी.

नियम पहिला: खालच्या स्वरांमध्ये अंतर ठेवावे, तिथे गर्दी केल्यास आवाजाचा चिखल होतो. मी चेलो, डबल बास, बॅसून आणि ट्यूबा या चौघांना अगदी खर्जात खांद्याला खांदा लावून बसवले. सृष्टीचा आरंभ काही स्वच्छ जागेत झालेला नाही.

नियम दुसरा: फ्लूटचे खालचे स्वर नाजूक असतात, त्यांच्यावर पितळी वाद्ये घालू नयेत. मी मुख्य धून फ्लूटलाच दिली, तिच्या सर्वांत खालच्या स्वरांत, आणि वर तीन ट्रॉम्बोन घातले. सत्य सहज ऐकू येत नसते. श्रोत्याने ते शोधावे. त्याला दुसरे काय काम आहे?

७ फेब्रुवारी, सकाळी १०

लेकीने संगणकात एक प्रोग्रॅम घालून दिला आहे. त्यात अख्खा ऑर्केस्ट्रा राहतो. नम्र मंडळी. ट्यूबाला अडीच मिनिटे अखंड एकच स्वर दिला. त्याने ब्र काढला नाही. व्हायोलिनला तिच्या सर्वांत जाड तारेच्याही खालचा स्वर दिला, तोही वाजला. पुस्तक म्हणते की असा स्वर व्हायोलिनवर नाही. मी माझ्या कानांनी ऐकला. पुस्तकाचा लेखक लबाड आहे.

पहिला भाग पूर्ण आवाजात ऐकत असताना ही आतून म्हणाली, अहो, पाण्याची मोटार चालू राहिली आहे का बघा.

११ फेब्रुवारी

आज ऐतिहासिक काम केले. इटालियन शब्दांची हकालपट्टी.

या लोकांच्या कागदावर आवाज लहान करण्यासाठी वेगळे शब्द, मोठा करण्यासाठी वेगळे, गती मंद करण्यासाठी आणखी वेगळे, वाढवण्यासाठी आणखीच. मोजले, एकूण सव्वीस भरले. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ ‘हळू’ आहे आणि तो शब्द ‘पियानो’ आहे. ज्या भाषेला वाद्य कोणते आणि सूचना कोणती हे वेगळे ठेवता येत नाही, तिने मला शिकवू नये.

सव्वीसही खोडले. त्यांच्या जागी दोन स्वच्छ मराठी शब्द: ‘हळू’ आणि ‘जोरात’. जिथे त्यांना सव्वीस लागतात तिथे आपले दोनांत भागते. याला भाषेचे सामर्थ्य म्हणतात.

संगणक हे शब्द वाचत नाही. एकाच चालीने, एकाच आवाजात वाजवत जातो. हरकत नाही. माणसे वाचतील.

१५ फेब्रुवारी

ऑर्केस्ट्राच्या दिग्दर्शकाला भेटलो. यापुढे या वहीत तो ‘छडीवाला’. माझाच विद्यार्थी. नववीत असताना त्याने ‘दीर्घ’ या शब्दातला दी ऱ्हस्व लिहिला होता. इतर कोणताही शब्द मी क्षमा केला असता. पूर्ण तास दाराबाहेर उभे केले होते. आता छडी त्याच्या हाती आहे. काळाचा विनोद फार सवंग असतो.

सर, सर, करत होता. मी कागदावर बोट ठेवले. कप्पा चौसष्ट ते एकशे दहा. (ठरावीक मात्रांच्या प्रत्येक कप्प्याला हे लोक ‘बार’ म्हणतात. माझ्या लेखनात बार येणार नाही.) तिथे मी लिहिले आहे: दिग्दर्शकाने छडी खाली ठेवावी आणि हात जोडून उभे राहावे, वादकांनी केवळ लिहिलेला शब्द वाचावा. वाद्यमेळाला दिग्दर्शक लागतोच, हाही एक नियम होता. मोडला.

तो म्हणाला, सर, हात जोडून? मी म्हणालो, जोडून. नुसतं उभं राहायची सवय तुला आहेच.

हसला. दुखावला असावा. संकल्प सिद्धीस जात आहे.

२२ फेब्रुवारी

राग वर्ज्य. आजपासून चाळीस दिवस.

२३ फेब्रुवारी

शेजारच्या निवृत्त इंजिनिअरने विचारले, काका, तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का. राग वर्ज्य उद्यापासून.

१ मार्च, दुपारी १२.१५

पहिली तालीम. सगळे कृतघ्न आहेत.

पहिल्या व्हायोलिनच्या बाई कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाल्या, आजोबा, हा स्वर माझ्या वाद्यात नाही. आजोबा. मी शांतपणे म्हणालो, तो मनात वाजवावा. त्या म्हणाल्या, बरं, मग पुढचं पान पण मनातच उलटू का. मागच्या चौघी वाद्यांमागे तोंड लपवून हसल्या. संगणकातली व्हायोलिने असे कधी करत नाहीत.

ट्यूबावाला म्हणाला, अडीच मिनिटं श्वास न घेता मी वाजवू शकतो, पण एकदाच. त्याला कुंभक समजावून सांगितला: पूरक, कुंभक, रेचक, प्रमाण आणि आसन यांसह. त्याने नीट ऐकून घेतले आणि विचारले, यातल्या रेचकाला वाजवायचं का. मूर्ख नाही, उद्धट आहे.

फ्लूटवाला छडीवाल्याला म्हणत होता, कार्यक्रमाच्या दिवशी माझ्या मेव्हणीचं लग्न आहे. मी नाही आलो तर यांच्या आयटेममध्ये कुणाला कळणार नाही ना. आयटेम.

या वादावादीत वेळ संपली. साठाव्या कप्प्यापर्यंतच पोचलो. निघताना छडीवाला जवळ येऊन म्हणाला, सर, पुढे चौसष्टला ‘हळू’ लिहिलंय, तिथे मला एक शंका होती. मी त्याला पुढे बोलू दिले नाही. शंका तुला नववीतही असत, म्हणालो. हळू म्हणजे हळू. तान्ह्या पोराला कळतं.

काचेपलीकडे बसलेल्या लेकीने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिले. बापाचा अधिकार तिने प्रथमच प्रत्यक्ष पाहिला असावा.

८ मार्च, सकाळी ११

लेकीचा स्टुडिओ. भिंतींना गाद्या लावल्या आहेत, वेड्यांच्या खोलीप्रमाणे. तालमीचे रेकॉर्डिंग मिसळणे चालू होते. मिक्सिंग म्हणतात. तिथेही नियमच. ऑर्केस्ट्रा बसतो तसा ऐकू यावा: व्हायोलिने डावीकडे, चेलो आणि बास उजवीकडे. जाड आवाजाला घुमारा देऊ नये. कोणताही आवाज लाल दिव्यापर्यंत नेऊ नये. वर थोडी मोकळी जागा राखावी, तिला ‘हेडरूम’ म्हणतात. माझ्या मते ती अहंकारासाठी राखलेली खोली आहे.

मी आज्ञा केली: किणकिणता ट्रायंगल सर्वांत पुढे, ट्यूबा त्याच्या सावलीत. डबल बासला विहिरीइतका घुमारा. आणि आवाज कमीजास्त करणाऱ्या त्या चाळीस सरकत्या खुंट्या एका सरळ रेषेत आण. ज्ञानी माणूस सर्वांना समदृष्टीने पाहतो, यंत्रानेही पाहावे.

तिने केले. ऐकवले. लाल दिवा लागला तो लागूनच राहिला. तिने विचारले, बाबा, तुम्हाला यात काय ऐकू येतं? मी म्हणालो, सर्व. ती म्हणाली, मला पण.

मग म्हणाली, कार्यक्रमाच्या दिवशी मला एकच टेक मिळणार आहे. ऑर्केस्ट्राच्या समितीची माणसं नंतर ते ऐकून ठरवणार. तेवढं फक्त चौसष्टपासून पुढचं एकदा छडीवाल्या सरांबरोबर बसून बघाल का. (तिनेही ‘छडीवाले’ म्हटले. वही वाचते की काय? कपाटाला कुलूप लावणे.)

मी म्हणालो, काळजी करू नकोस, तुझं काम होऊन जाईल, माझ्या रचनेच्या आधारानं. तिने हेडफोन पुन्हा कानांवर चढवले. लहानपणापासून अबोल.

१४ मार्च

राग वर्ज्य, पुनश्च. सकाळी ६ ते ९.१५.

२० मार्च

दुसरी तालीम. माझ्यासाठी मोजून दहा मिनिटे ठेवली होती. पहिले त्रेसष्ट कप्पे दोनदा झाले. छडीवाला म्हणाला, पुढचं मंडळी घरी बघून येतील, आणि खरोखरच घड्याळाकडे पाहिले. शंकेचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. वचक अजून आहे.

२८ मार्च, सकाळी ६

आज कार्यक्रम. जप दुप्पट केला. स्वच्छ कपडे काढून ठेवले. टाळ्यांनंतर दोन शब्द बोलण्याचा आग्रह होईल. चौदा मिनिटांचे भाषण तयार आहे. विषय: नियम आणि मुक्ती. छडीवाल्याचा उल्लेख औदार्याने करीन, एका वाक्यात.

२९ मार्च, सकाळी ८

जप झाला नाही.

घडले ते क्रमाने लिहितो, म्हणजे पुढे कोणी विपर्यास करू नये. पहिले त्रेसष्ट कप्पे उत्तम गेले. ट्यूबावाल्याने चार ठिकाणी चोरून श्वास घेतला. फ्लूट ऐकू आली नाही; ते योजनेप्रमाणेच. (फ्लूटवाला आला होता की नाही याची चौकशी करावी.) चौसष्टावर छडीवाल्याने छडी ठेवली, हात जोडले. आणि वादकांनी ‘हळू’ हा शब्द वाचला.

डावीकडची व्हायोलिने हळू झाली. म्हणजे त्यांचा आवाज उतरला, चाल तीच. उजवीकडचे चेलो, बास आणि त्यांच्यामागची पितळी वाद्ये हळू झाली. म्हणजे त्यांची चाल उतरली, आवाज तोच. डावी बाजू कुजबुजत पुढे निघाली आणि उजवी बाजू ओरडत मागे रेंगाळली.

नव्वदाव्या कप्प्यात ‘जोरात’ आहे. डावी बाजू तिथे आधी पोचली आणि किंचाळू लागली. उजवी बाजू बऱ्याच वेळाने पोचली. तिने ‘जोरात’चा अर्थ भरभर असा घेतला आणि कुत्रे मागे लागल्यासारखी सुटली. एकशे दहावा कप्पा त्यामुळे दोनदा आला. कोणत्या एकशे दहावर हात उचलावा हे छडीवाल्याला कळेना. तो शेवटपर्यंत हात जोडूनच उभा राहिला.

व्हायोलिने संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतून उजवी बाजू अजून धावतच होती. ट्यूबा सर्वांत शेवटी पोचला.

मागच्या रांगेत कोणीतरी सोबत्याला विचारत होते, दोन कार्यक्रम एकाच वेळी लागलेत का. दोन शब्द बोलण्याचा आग्रह कोणी केला नाही.

घरी येताना ही म्हणाली, मला बाई ओळखीचं वाटलं. मी विचारले, काय? म्हणाली, आपल्या घरातल्यासारखं. एकानं ओरडत राहायचं, बाकीच्यांनी कुजबुजत पुढे निघून जायचं.

सायं. ५. कारणे: सभागृहातला दमटपणा. वादकांचे मराठी. छडीवाल्याचा छत्तीस वर्षांचा सूड (एकवीस, वजाबाकी केली). संगणकाने पूर्वसूचना दिली नाही.

३० मार्च

शब्दकोश काढला. हळू: (१) मंद गतीने. (२) मंद आवाजात.

कोशकार बेजबाबदार आहे.

‘जोरात’ पाहिला नाही.

२ एप्रिल, सकाळी १०.३०

स्टुडिओ. जाताना युक्ती सुचली होती: सगळ्या खुंट्या एका रेषेत आणाव्यात, डबल बासचा घुमारा वाढवावा, म्हणजे काय घडले ते कोणालाच कळणार नाही. मिक्सिंगचे हेच खरे प्रयोजन असावे.

लेकीने खुंट्यांना हात लावू दिला नाही. समितीला जसंच्या तसं पाठवलं, म्हणाली. मी विचारले, ते ऐकून तुझं काम गेलं तर? ती म्हणाली, तर गेलं. खोटं मिसळून नाही पाठवणार. हा ताठा कोणाकडून आला कळत नाही. आईकडून.

मग तिने उजवी बाजू बंद केली आणि मला नुसती डावी ऐकवली. व्हायोलिने, अगदी लहान आवाजात, पुढे पुढे जाणारी. चांगले होते. मग डावी बंद करून नुसती उजवी ऐकवली. संथ, भरलेल्या आवाजातली. तेही चांगले होते. मी तसे म्हणालो. दोन्ही उत्तम आहेत, चूक एकत्र वाजवण्यात झाली.

ती म्हणाली, बाबा, एकच सांगा. लिहिताना तुमच्या मनात यातलं कुठलं होतं?

मी म्हणालो, विचार करून सांगतो.

३ एप्रिल

विचार केला.

४ एप्रिल

विचार चालू. ही म्हणाली, अहो, जेवायला या, विचार काही पळून जात नाही. हिला काय माहीत.

५ एप्रिल

मूळ हस्तलिखित पाहिले. चौसष्टावर माझ्याच अक्षरात ‘हळू’. सुंदर अक्षर. ळू दीर्घ, निर्दोष. अर्थ सापडत नाही. छत्तीस वर्षे मुलांना विचारत आलो, येथे कवीला काय अभिप्रेत आहे. आणि उत्तर चुकले की गुण कापले.

९ एप्रिल, सायं. ६

लेक पत्र घेऊन आली. समितीचे, छडीवाल्याच्या सहीचे. ‘दीर्घकालीन’ हा शब्द होता. प्रथम तोच पाहिला. दी दीर्घ आहे.

सारांश: ऑर्केस्ट्राचे पुढचे सर्व रेकॉर्डिंग लेकीकडे. कारणही दिले आहे. ‘अनाहत’च्या टेकमध्ये प्रत्येक वादक कोणत्या क्षणी कुठे चुकला हे वेगवेगळे, स्वच्छ ऐकू येते, इतक्या गोंधळातूनही एकेक आवाज निराळा धरणारे कान समितीला आजवर मिळाले नव्हते. कार्यक्रमाची सीडी निघणार आहे. तीत ‘अनाहत’ नसेल. मात्र ‘अनाहत’ सुरू होण्यापूर्वी वादकांनी वाद्ये जुळवली, ते नऊ सेकंद आरंभी घेणार आहेत, कारण तिथे सगळे एका स्वरात होते.

मी म्हणालो, म्हणजे काम मिळालं ते माझ्याच रचनेमुळे. आतून ही म्हणाली, झालं, घेतलं श्रेय. लेक मात्र म्हणाली, हो बाबा, तुमच्यामुळेच. मी वहीसाठी पेन शोधू लागलो.

ती म्हणाली, लहानपणी तुमचं वाचन चालू असलं की आतून आवाज यायचा, हळू. मला कधीच कळलं नाही, चालायचं हळू की बोलायचं हळू. विचारायची सोय नव्हती. विचारलं की बाहेर उभं राहावं लागायचं. म्हणून मी दोन्ही करायची. मग दाराशी उभी राहून ऐकायची, आत पान उलटलं का, चष्मा ठेवला का, राग गेला का. कान बहुतेक तेव्हाच तयार झाले.

मी म्हणालो, दोन्हीच अभिप्रेत होते.

तिने मान हलवली. चष्मा माझ्या हातून खाली पडला होता, तो उचलून वहीवर ठेवला. उशीर झाला, निघते म्हणाली. आईला आत जाऊन सांगून आली.

जाताना तिने दार लावले. हळू.

दोन्ही अर्थांनी.